उभयविध यजमानांच्या उपयोगार्थ

ज्या गृहस्थाने आयुष्यात एकदाही दोनशे पानांचे कार्य अंगावर घेतले नाही आणि ज्याने एकदाही स्वतःचे संकेतस्थळ चालवून पाहिले नाही, त्याला मनुष्यस्वभावाची पुरती ओळख झाली आहे असे मानण्यास मी तरी तयार नाही. या दोन्ही उद्योगांत माणूस आपला पैसा, आपली झोप आणि आपली अब्रू अशा मंडळींच्या हवाली करतो, की जी केव्हा येतील, किती येतील आणि आल्यावर कशाला नावे ठेवतील, यांपैकी कशाचीही कबुलायत त्यांनी त्याला लिहून दिलेली नसते. पहिल्या उद्योगाबद्दल आपल्याकडे आज्यांपासून आचाऱ्यांपर्यंत पुष्कळांनी पुष्कळ सांगून ठेवले आहे. दुसऱ्याबद्दल जे सांगितले जाते ते बहुधा विकणाऱ्याने सांगितलेले असल्यामुळे ऐकण्यासारखे असले तरी विसंबण्यासारखे नसते. सबब दोहोंचा एकत्र विचार करून काही सूचना येथे नमूद करण्याचे योजिले आहे.

प्रथम संख्येचा प्रश्न. पत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' असे छापणारा यजमान, कुटुंब म्हणजे किती आणि परिवार म्हणजे कोण, याचा निर्णय पाहुण्यांच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोपवतो. आणि ती बुद्धी काय दर्जाची असते हे कसलेला आचारी जाणून असल्यामुळे यजमानाने सांगितलेला आकडा तो वहीत टिपून घेतो, पण तांदूळ मात्र स्वतःच्या अंदाजानेच धुतो. दाट तिथी असली, की एकेकाला एकाच दिवशी तीन-तीन ठिकाणी हजेरी लावायची असते आणि जेवणारी तोंडे घटतात. तिथी विरळ असून वर रविवार आला, की ज्यांना बोलावल्याचे यजमानाला स्मरत नाही तेही अगत्याने येतात. संकेतस्थळाच्या यजमानास असा आचारी लाभत नाही. त्याच्या दारात वर्षभर चिटपाखरू फिरकत नाही, आणि ज्या दिवशी माणसे येतात त्या दिवशी ती सगळी एकाच मिनिटाला येतात. २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चार वाजता अठरा वर्षांवरील सर्वांसाठी लसीची नोंदणी खुली झाली तेव्हा कोविनच्या उंबरठ्यावर हेच घडले. आरंभीचा काही काळ दार उघडेचना, पासवर्डाचे संदेश वाटेतच अडकले, आणि तरीही तो दिवस संपेपर्यंत एक कोटीहून अधिक नावे दप्तरी दाखल झाली होती.

यावर इलाज शोधण्यासाठी परदेशी तज्ज्ञ आणण्याचे कारण नाही. पंगत हाच तो इलाज. जागा पन्नास पाटांची असेल तर पन्नास जणांना बसवावे आणि उरलेल्यांना ओसरीवर सरबत देऊन थोपवावे, म्हणजे बसलेले तरी सुखाने जेवतात. सर्वांना एकदम आत घेतले तर कोणीच जेवत नाही, फक्त चेंगराचेंगरी होते. रेल्वेने जून २०१५ पासून तत्काळ आरक्षणाची वेळ वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी दहा आणि इतर डब्यांसाठी अकरा अशी विभागली, ती दोन्ही पंगती एकाच सर्वरवर एकदम बसू नयेत म्हणूनच. पहिल्या पंगतीचा मान वातानुकूलितांना का मिळावा, असा प्रश्न ज्याने कधी काळी तिसऱ्या पंगतीत गार भजी खाल्ली आहेत त्याला पडणार नाही.

आता आग्रहाविषयी, कारण या बाबतीत अलीकडे जो विलक्षण पालट झाला आहे त्याची नोंद समाजशास्त्रज्ञांनी अद्याप घेतलेली दिसत नाही. पानाच्या वरच्या अंगाला मध्यभागी मीठ, डावीकडे लिंबाची फोड, चटणी आणि कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, खाली मधोमध भाताची मूद आणि तीवर वरण व तूप, हा शिरस्ता ज्या समाजाने इतक्या काटेकोरपणे ठरवला, त्यानेच त्या पानावर नंतर किती अन्न लोटावे याला मात्र कोणतीही मर्यादा ठेवली नव्हती. पाहुण्याने पानावर आडवा हात धरावा, वाढप्याने त्या हाताच्या बोटांच्या फटीतून नेम धरून जिलेबी सोडावी, पाकाचे थेंब मनगटावरून सद्‌ऱ्याच्या बाहीत उतरावेत, आणि यजमानाने मागून 'सावकाश होऊ द्या' म्हणत पुढच्या पानाकडे सरकावे, असा तो सोहळा असे. आज यजमान मंचावर छायाचित्रकाराच्या ताब्यात असतो. पाहुणा डाव्या हातात थाळी, उजव्या हातात चमचा आणि बगलेत अहेराचे पाकीट अशा अवस्थेत रांगेत उभा राहतो. टोपी घातलेला मुलगा नजर वर न करता दोन गुलाबजाम वाटीत टाकतो. आणि तिसरा मागणाऱ्याकडे मागची रांग ज्या दृष्टीने पाहते तिने गोडाची वासनाच नाहीशी व्हावी. पाकिटाचीही गरज आता उरली नाही, कारण प्रवेशद्वाराशी गणपतीच्या तसबिरीशेजारी क्यूआर कोड ठेवलेला असतो आणि पैसे पोचल्याची पोच यजमानाआधी यंत्र देते.

परंतु आग्रह नष्ट झाला असे कोणी समजू नये. त्याने केवळ स्थलांतर केले आहे. एखाद्या दुकानाची वेळ पाहण्यासाठी आपण त्याच्या संकेतस्थळावर जावे, तो दारातच कुकीज घेण्याचा आग्रह होतो. 'सर्व स्वीकारा' हे पंगतीतल्या बुंदीच्या लाडवाएवढ्या ठळक अक्षरांत लिहिलेले असते आणि नकाराचे कलम कोपऱ्यात, चष्म्याचा नंबर वाढल्यावाचून दिसू नये अशा बेताने. युरोपातल्या कायदेकर्त्यांनी पाहुण्याची संमती घ्या असे सांगितले, आणि यजमानांनी ती संमती पाहुणा थकेपर्यंत घ्यावी असा त्याचा अर्थ लावला. कुकीज आटोपल्या की सूचना पाठवू का, आपण कोठे राहता ते पाहू का, आमचे ॲप उतरवून घेता का, अशी वाढणी एकामागून एक येतात. आणि सर्वांस नको म्हणून आपण उठू लागलो, की शेवटची फेरी येते ती सवलतीची, जिच्या खाली नकारासाठी 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत' एवढेच एक वाक्य ठेवलेले असते. हे वाक्य ज्याने रचले त्याच्या घराण्यात कोणी तरी नामांकित विहीण होऊन गेली असली पाहिजे. माझी सूचना अशी, की संकेतस्थळाच्या यजमानांनी आपल्या आग्रहापैकी निदान निम्मा आग्रह मंगल कार्यालयांना परत पाठवावा; तेथे त्याची खरोखर टंचाई आहे.

'सावकाश होऊ द्या' हे वाक्य मात्र पंगतीच्याच मालकीचे राहू द्यावे. एखाद्या शिक्षणसंस्थेच्या मुखपृष्ठावर अध्यक्षांचे तळहाताएवढे छायाचित्र उमटण्यास जो वेळ लागतो, त्याचे कारण अध्यक्षांचे व्यक्तिमत्त्व भारदस्त आहे हे नसून, कॅमेऱ्यातून निघालेली दहा-बारा मेगाबाइटची फाइल कोणी लहान न करता जशीच्या तशी चढवली, हे असते. गडचिरोलीच्या एखाद्या पाड्यावरून प्रवेशाचा अर्ज शोधणाऱ्या मुलीच्या फोनवर आधी अध्यक्ष उतरतात, मग उपाध्यक्ष, मग उद्घाटनाची फीत आणि ती कापणारे मंत्री. अर्जापर्यंत पोचेतो तिचे त्या दिवसाचे रिचार्ज संपते. छायाचित्रे लहान करावीत, आणि शक्य तर अध्यक्षही आतल्या पानावर बसवावेत.

जागेची निवड हा दोन्ही कार्यांतला सर्वांत फसवा भाग होय. स्वस्त कार्यालयात दोन मजल्यांवर दोन लग्ने आणि तळघरात एक मुदपाकखाना अशी व्यवस्था असते. वरच्यांची वरात लांबली, की खालच्यांचा मठ्ठा उशिरा येतो. स्वस्त होस्टिंगातही एकाच सर्वरवर शेकडो बिऱ्हाडे नांदत असतात आणि शेजारच्या बिऱ्हाडात क्रिकेटच्या गुणफलकासाठी गर्दी लोटली, की आपल्या कवितांच्या पानाला अकारण धाप लागते. जाहिरातीत 'अमर्याद' असा शब्द असला तर करारातील 'वाजवी वापर' हे कलम वाचावे, म्हणजे अमर्यादेची मर्यादा कळते. तसेच '९९.९ टक्के वेळ सुरू' या वचनाने भारावून जाऊ नये. वर्षाचे तास ८,७६० असल्यामुळे उरलेला एक दशांश टक्का म्हणजे सुमारे पावणेनऊ तास. एवढ्या अवधीत साखरपुडा, हळद, सीमांतपूजन आणि लग्न ही चारही कार्ये उरकतात, आणि हे तास नेमके मुहूर्तावर येणार नाहीत अशी हमी कोणत्याही करारनाम्यात आढळत नाही.

बंदोबस्ताची कामे तोंडी सांगू नयेत, लिहून नेमून द्यावीत. सवाई माधवरावांच्या लग्नाच्या वेळी पुणे दरबारात बंदोबस्ताची लेखी याद झाली होती, आणि ज्यांच्या हाताखाली आज्ञेची वाट पाहणारी एवढी माणसे होती त्या नाना फडणिसांनाही लिहून ठेवण्यात कमीपणा वाटला नाही, हे 'सगळे माझ्या डोक्यात आहे' असे सांगणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. स्वित्झर्लंडातील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी ज्या संगणकावर जगातले पहिले संकेतस्थळ चालवले, त्यावर हे यंत्र सर्वर आहे, बंद करू नये, अशा अर्थाची चिठ्ठी लाल शाईने लिहून चिकटवली होती. श्रीखंड आत आहे तोवर कार्यालयाच्या फ्रिजवरही अशी चिठ्ठी लावणे अवश्य आहे, कारण मोबाइल चार्ज करण्यासाठी समोर दिसेल तो प्लग काढणारा मामेभाऊ प्रत्येक कुटुंबात असतो.

आगीचाही विचार करावा. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या कंपनीची सर्वरांची एक इमारत जळून खाक झाली, तेव्हा बॅकअप ठेवणारे आणि न ठेवणारे असे यजमानांचे दोन वर्ग पडलेच. पण एक तिसराही वर्ग निघाला, ज्याने बॅकअप ठेवले होते आणि ते त्याच आवारात ठेवले होते. तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच ठेवणारी ही परंपरा पुरातन आहे. जाणकार सांगतात, की प्रती तीन असाव्यात, दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक तरी दुसऱ्या गावी असावी. शिवाय अधूनमधून ती प्रत उघडूनही पाहावी.

सर्वांत शेवटी मुदतीची बाब, जी क्षुल्लक वाटते म्हणूनच मोठमोठ्यांना भोवते. मायक्रोसॉफ्टने हॉटमेल १९९७ साली विकत घेतले ते कोट्यवधी डॉलर मोजून; आणि १९९९ च्या नाताळात त्याच हॉटमेलचे दार लाखोंना उघडेना, कारण आत जाण्यासाठी लागणाऱ्या पासपोर्ट डॉट कॉम या डोमेनचे नूतनीकरण करण्याचे राहून गेले होते. अखेर एका अमेरिकन प्रोग्रामरने ऐन नाताळच्या दिवशी स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरले तेव्हा वाट मोकळी होऊ लागली. यजमानाच्या घरचे विजेचे बिल पाहुण्याने भरल्यावर दिवे लागावेत, अशी ही कथा आहे.

आमच्या परिचयाच्या एका गृहनिर्माण संस्थेपुढे सध्या हाच पेच आहे. तिचे संकेतस्थळ सचिवांच्या भाच्याने महाविद्यालयात असताना हौसेने करून दिले, डोमेन स्वतःच्या नावावर घेतले, आणि सर्व पासवर्ड स्वतःच्या ईमेलात ठेवून तो यथावकाश कॅनडात स्थायिक झाला. मुखपृष्ठावर तीन वर्षांपूर्वी बिघडलेल्या पंपाची सूचना अजून लुकलुकते आहे, आणि डोमेनची मुदत मार्चअखेर संपत आहे. पत्रे गेली, स्मरणपत्रे गेली. भाच्याने प्रत्येक वेळी 'बघतो' असे कळवले. आता डिसेंबरात तो बहिणीच्या लग्नाला येणार असल्याची पक्की बातमी हाती आल्यावर कार्यकारिणीने तातडीची सभा बोलावली आणि त्यास सपत्नीक केळवणास बोलवावे, पुरणपोळीचा यथास्थित आग्रह करावा व हात धुण्यापूर्वी पासवर्ड लिहून घ्यावा, असा ठराव एकमताने संमत केला. केळवण वधूचे करतात, वधूच्या भावाचे नव्हे, अशी हरकत एका ज्येष्ठ सभासदांनी घेतली. ती इतिवृत्तात नोंदवून फेटाळण्यात आली. खर्च कोणत्या सदरी टाकावा यावर मात्र खजिनदार अडून बसले होते, आणि बऱ्याच वादानंतर तो 'संकेतस्थळ : वार्षिक देखभाल व दुरुस्ती' या सदरी टाकण्याचे ठरले.