भूतकाळचे समर्थ

काशीत नारदघाटाच्या शेजारी जो घाट आज राजाघाट म्हणून ओळखला जातो, तो मूळचा अमृतराव पेशव्यांच्या नावाचा. आणि त्याच्या पायऱ्यांवर दिवेलागणीच्या सुमारास, खांद्यावरचे उपरणे सावरीत, जे मराठी सद्गृहस्थ हटकून आढळतात, ते जन्मनावाने कोणीही असोत, वस्तीत तात्याच असतात. त्यांच्या पूर्वजांना पेशवाईत सनद मिळाली होती. ती एका महापुरात वाहून गेली. कोणत्या महापुरात, हे सांगणाऱ्याच्या लहरीप्रमाणे बदलते. तात्या बहुधा निवृत्त इंग्रजी शिक्षक असतात आणि नसले तरी आसपासच्या एखाद्या परीक्षार्थी मुलाला इंग्रजी शिकविल्यावाचून त्यांना अन्न गोड लागत नाही.

धडा कोठूनही सुरू होवो, त्याचा मुक्काम अखेर 'कुड' या सहायक क्रियापदाशी पडतो. 'कॅन' हे वर्तमानकाळातील सामर्थ्य होय, असे सांगून तात्या ते झटपट उरकतात, कारण त्या खात्यावर शिल्लक फारशी नाही. पण 'कुड' उच्चारताना त्यांची पाठ ताठ होते. 'आय कुड स्विम अक्रॉस द गंगा,' हे त्यांचे नित्याचे उदाहरण.

आता व्याकरणाचा निवाडा असा की, गतकाळी अंगी असलेली सर्वसाधारण शक्ती सांगावयाची तर 'कुड' चालते. परंतु अमुक दिवशी, अमुक प्रसंगी एखादी गोष्ट साधली, असे विधान करावयाचे तर 'वॉज एबल टु' म्हणावे लागते. पाहणे-ऐकणे यांसारख्या क्रियापदांना तेवढी सूट आहे. आपल्या मराठीलाही हा भेद परका नाही. 'पोहून जाता येत असे' आणि 'पोहून जाता आले' यांत जे अंतर आहे, तेच हे. पहिल्याला साक्षीदार लागत नाही, दुसऱ्याला तिथी-वार विचारता येतो. तात्यांची 'कुड'वरील अचल निष्ठा यातच आहे. रामघाटावर शास्त्र्यांशी वाद घालता येत असे, शंभर पाने जेवू घालता येत असत, कलेक्टराला खडसावता येत असे. यांपैकी एकही गोष्ट कोणत्या दिवशी घडली, याची नोंद कोणत्याही दफ्तरात नाही. नकाराच्या बाजूस इंग्रजी भाषा मोठी उदार आहे. तेथे 'कुडन्ट' हे एकच रूप सर्वसाधारण असमर्थतेला जसे चालते, तसेच एखाद्या दिवशीच्या फजितीलाही. पण हा पाठ तात्या विद्यार्थ्याला घरी वाचून यावयास सांगतात.

ज्यांच्या नावाच्या घाटावर हे चालते, त्या अमृतरावांची गोष्ट मात्र तारीखवार सांगता येते. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी पुणे जिंकले, दुसरे बाजीराव पळाले, आणि काही महिने पुण्याचा कारभार अमृतरावांना खरोखरच करता आला. १८०३ च्या एप्रिलात वेलस्लीची फौज येताच तो संपला, आणि पुढे इंग्रजांची नेमणूक घेऊन त्यांनी उत्तरेत वास्तव्य केले. काशीत दगडी घाट बांधविला. तो उभा आहे, म्हणजे 'वॉज एबल टु'ची शिळांकित साक्षच. तात्या या साक्षीवर बसूनच 'कुड' शिकवितात, आणि त्यात विसंगती पाहणारा मनुष्य त्यांच्या मते अरसिक होय.

जेठात पाणी ओसरून पलीकडची रेती पुष्कळ अलीकडे सरकली होती, तेव्हा एका द्वाड शिष्याने विचारले, "तात्या, तुम्ही खरेच एकदा तरी पलीकडे गेला होतात?"

"अरे, वाक्य नीट ऐक. 'कुड' म्हटले मी."

"मग आज 'कॅन' होऊन जाऊ द्या! नाव घेऊन मी बरोबर येतो."

तात्यांनी नदीकडे पाहिले, रेतीकडे पाहिले, मग उपरणे झटकून ते उठले. "आय कॅन," ते ठासून म्हणाले, "पण बाळ, आज निर्जळा एकादशी. एक घोट वर्ज्य, तिथे तू मला अख्खी गंगा सांगतोस?"