सेव्ह करू का, साहेब?

‘पासवर्ड सेव्ह करू का?’ असं ब्राउझर इतक्या अदबीनं विचारतो की नाही म्हणवत नाही. झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर फॉर्म भरतानाही नाही म्हणवत नाही, हे विशेष.

2013 साली क्रोमच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘दाखवा’वर क्लिक केलं, की साठवलेले पासवर्ड उघडेनागडे समोर येत. ओरड झाली, तेव्हा क्रोमच्या सुरक्षा प्रमुखांनी जे बजावलं त्याचा मथितार्थ असा: माणूस तुमच्या खात्यात शिरून बसलाच आहे, तर खेळ खलास, वर आणखी एक पासवर्ड लावून खोटा दिलासा कशाला? बिनतोड! चोर घरात आलाच आहे, आता कपाटाची किल्ली कपाटालाच राहू दे. पुढे मात्र पासवर्ड दाखवण्याआधी क्रोम विंडोजचा पासवर्ड विचारू लागला.

फायरफॉक्समध्ये प्रायमरी पासवर्डची सोय आहे. ती मुद्दाम चालू करावी लागते, म्हणजे संपलंच. आणि ‘रेडलाइन’सारखे चोरटे प्रोग्राम फुकटच्या क्रॅक सॉफ्टवेअरचं बोट धरून आत येतात नि ब्राउझरमधले पासवर्ड गोळा करून पसार होतात. फुकट ते पौष्टिक.

एका बाबतीत मात्र ब्राउझर आपल्याहून शहाणा. बँकेच्या पत्त्यात एखादं अक्षर बदललेली बनावट साइट उघडली, तर तो पासवर्ड भरत नाही, ढिम्म बसतो. मग आपणच ‘आज काय झालंय याला!’ म्हणत डायरी काढतो आणि चष्मा लावून, एकेक अक्षर तपासत, स्वहस्ते भरतो.