अंधाराचं लोकार्पण

टेकडीवर पोचल्यावर पहिल्यांदा दिसला तो हायमास्ट.

खरं तर चार किलोमीटर आधीपासूनच दिसत होता. पण हेच आपलं ठिकाण असेल असं गाडीत कोणाला वाटलं नाही. पेट्रोल पंप असेल म्हणून आम्ही पुढे जात राहिलो. 'सह्याद्रीतलं सगळ्यात काळं आकाश, अमावास्या स्पेशल, माणशी बाराशे, सकाळच्या पोह्यांसकट' अशी जाहिरात होती. माथ्यावर बरोब्बर मधोमध तीन-चार मजली उंच खांब, त्यावर सहा पांढरेफटक दिवे आणि खाली पाटी : 'आकाशदर्शन स्थळ'. त्या उजेडात जमिनीवरची मुंगी दिसत होती, मुंगीच्या तोंडातला साखरेचा कण दिसत होता. आकाश तेवढं दिसत नव्हतं.

टेकडीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथे दुसरा बसेल.

पावतीपुस्तक घेऊन बसलेल्या पोराला विचारलं, "याचं बटण कुठे आहे रे?"

"बटण नाय काका. ऑटोमॅटिक आहे. अंधार पडला की आपोआप लागतो."

"अरे, पण आम्ही अंधारच बघायला आलोय."

"म्हणून तर बसवलाय ना! आधी हितं रात्रीचं कायच दिसायचं नाय."

यावर कोणाला उत्तर सुचलं तर मला कळवा. मी पावती घेतली. पार्किंगचे पन्नास वेगळे.

आयोजक उत्साही होते. हे लोक ऑगस्टातल्या ययातीच्या उल्कावर्षावाचंही बुकिंग घेतात आणि आश्लेषाच्या सरीत माणसं छत्र्या घेऊन वर बघत बसतात, हे नंतर कळलं. त्यांनी सगळ्यांना गोलात उभं केलं आणि दरडावून सांगितलं, "डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ कोणीही मोबाइल काढायचा नाही!" हे ते हायमास्टच्या खाली उभं राहून सांगत होते. आम्हीही मोबाइल खिशात घातले आणि सहा दिव्यांखाली वीस मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय करत बसलो. कोणी हसलं नाही. पैसे भरलेला माणूस सहसा हसत नाही.

हा प्रकार सुरू कुठून झाला, याचा माझा एक अंदाज आहे. २०२४ साली पेंचच्या जंगलाला देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तिथे आजूबाजूच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे खाली वळवले, उजेड जमिनीवर राहील असं बघितलं. बातमी चांगली होती. पण आमच्या तालुक्यापर्यंत येता येता वाटेत तिच्यातला 'डार्क' गळाला आणि 'पार्क' तेवढा पोचला. पार्क म्हटलं की बाकं आली, पेव्हर ब्लॉक आले, सिमेंटचं हरीण आलं आणि हायमास्ट तर आलाच.

आणि हायमास्ट आला की कोनशिला येते.

त्या वीस मिनिटांत मी काय केलं म्हणाल, तर कोनशिला वाचली. दुसरं वाचण्यासारखं काही नव्हतं. आकाशात मी अकरा तारे मोजले, शिळेवर सतरा नावं. ताऱ्यांची तेजस्विता 'प्रती'त मोजतात हे शाळेत शिकलो होतो. त्याचा अर्थ त्या रात्री कळला. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्याच्या शंभर पट तेजस्वी असतो आणि सहाव्या प्रतीच्या पलीकडचं नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. शिळेवर अगदी तसंच. सगळ्यात वर, ज्यांच्या शुभहस्ते लोकार्पण झालं ते. ते पहिल्या प्रतीत मावत नाहीत. व्याधासारखे उणे दीडच्या आसपास, वीतभर उंचीचं अक्षर, सोनेरी. त्यांच्याखाली प्रमुख उपस्थितीतले पहिल्या प्रतीचे चौघे, मग दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचा घोळका. सरपंचबाई पाचव्या प्रतीत, त्यांच्यापुढे 'श्री. अमुक यांच्या सौ.' असा शेरा, म्हणजे त्यांचा प्रकाश परावर्तित. तळाशी सहाव्या प्रतीत ग्रामसेवक, चष्मा पुसल्यावर दिसले. एका नावावर कोणीतरी खिळ्याने रेघा मारल्या होत्या. ते पद गेलेलं असावं, ग्रहण. आणि एका कोपऱ्यात, डोळ्यांत न भरणारा, दुसऱ्या प्रतीचा कंत्राटदार. ध्रुवताराही दुसऱ्या प्रतीचाच असतो, हे लक्षात घ्या. तो जागचा हलत नाही, बाकीचे त्याच्याभोवती फिरतात. तालुक्यातली कुठलीही कोनशिला वाचा, वरची नावं दर पाच वर्षांनी मावळतात-उगवतात, हे एक तिथल्या तिथे. मला तर वाटतं, तो खांब त्या शिळेवर उजेड पाडण्यासाठीच उभा केलाय. रात्री नावं दिसली नाहीत तर लोकार्पण झालं हे लोकांना कळणार कसं?

आयोजक हिरव्या लेझरने वर दाखवत होते, "ही देवयानी दीर्घिका. इथे आहे. म्हणजे असते." देवयानीचा प्रकाश तिथून निघाला त्याला सुमारे पंचवीस लाख वर्षं झाली. तेव्हा पृथ्वीवर आपल्या जातीचा माणूसही नव्हता. एवढ्या वाटेत त्याला कोणी अडवलं नाही. शेवटच्या बारा-पंधरा मीटरवर सहा दिव्यांनी अडवलं. दिव्यांवर टोपी नाही, बसवलेत वाकडे, निम्मा उजेड वर जातो. त्यात पांढऱ्या एलईडीतला निळा अंश हवेत जास्त विखुरतो. दिवसा आकाश निळं दिसतं त्याच कारणाने रात्री ते दुधट होतं. वीजबिल मात्र पूर्ण भरायचं. माझ्या झोपायच्या खोलीबाहेर असाच एक दिवा आहे. तीन अर्ज केले. रात्री दोनला कावळा ओरडतो, त्याला वाटतं उजाडलं. चौथा अर्ज त्याच्या सहीने द्यावा म्हणतो.

थट्टा पुरे. त्या टेकडीखाली एक वाडी आहे, पन्नास-साठ घरांची. एस.टी.च्या थांब्यापासून वाडीपर्यंत एक दिवा नाही. परिसरात बिबट्या आहे, मुली शेवटच्या गाडीने कॉलेजातून येतात आणि मोबाइलच्या उजेडात घर गाठतात. वाडीने मागितला तो दिवा आला नाही आणि टेकडीने मागितला नव्हता तो आला. का? तर पैसा पर्यटनाच्या हेडखाली होता, तो पर्यटनावरच खर्चायचा. वाडीत राहणारा माणूस पर्यटक नसतो. त्याने बाराशे रुपये भरून आपल्याच वाडीत मुक्काम केला तर कदाचित त्यालाही उजेड मिळेल.

आम्ही पोह्यांची वाट न बघता दहालाच निघालो. थांब्यापाशी ड्रायव्हरने गाडी थांबवली, त्याला उतरायचं होतं. टेकडीचा कडा मध्ये आल्याने हायमास्ट दिसत नव्हता. हेडलाइट बंद झाले आणि मी सहज वर बघितलं. कृत्तिका मोजल्या : सहा, नीट बघितल्यावर सातवीही. पश्चिमेकडे कापसाच्या पुसट बोळ्यासारखी देवयानी. एक पैसा न भरता.

कट्ट्यावर एक आजोबा बॅटरी मांडीवर घेऊन बसले होते. नात येणार होती शेवटच्या गाडीने.

"वरचा दिवा बघून आलात व्हय?"

"हो."

"मोठा हाय. तेवढा नको आमाला. हितं एक लहानसा बसवा म्हणावं. वळखीचं कोण असंल तर सांगा."

"पेपरात लिहितो, आजोबा," मी म्हणालो. आणि मान वर करून, दिवा लागायच्या आत, सातवी कृत्तिका पुन्हा एकदा शोधून घेतली.