जाणाऱ्या पाण्याला तारीख, येणाऱ्या पाण्याला सहमती

१५ ऑक्टोबर ही तारीख नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला पाठ आहे. त्या दिवशी मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणात ६५ टक्क्यांहून कमी उपयुक्त साठा असला, की वरच्या धरणांतून पाणी सोडण्याची वेळ येते. २०२३ साली ३० ऑक्टोबरला ८.६ टीएमसीचा आदेश निघाला. त्यातले जवळपास साडेपाच टीएमसी मुळा आणि प्रवरेच्या धरणांतले. पाणी सुटायच्या आधी बंधाऱ्यांच्या फळ्या निघतात, नदीकाठच्या मोटारींची वीज तोडली जाते, आणि शेताला लागून वाहणाऱ्या पाण्याला शेतकऱ्याला हात लावता येत नाही.

मराठवाड्याचा तो हक्क आहे. २००५ च्या पाणीवाटपाच्या कायद्याने दिलेला, उच्च न्यायालयाने मान्य केलेला. त्याबद्दल भांडण नको. मात्र हे भांडण कायमचे मिटावे म्हणून पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्यांचे जे पाणी गोदावरी खोऱ्यात आणायचे ठरले, त्याचे काय झाले?

३ मे २०१० रोजी महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्र यांनी दमणगंगा-पिंजाळ आणि पार-तापी-नर्मदा या नदीजोडांसाठी सामंजस्य करार केला. हे नदीजोड गोदावरीत पाणी आणणारे नव्हते, पण महाराष्ट्राच्या वाट्याच्या पाण्याचा प्रश्न त्यांतच अडकला. करार फक्त प्रकल्प अहवाल बनवण्याचा होता. एक अहवाल २०१४ मध्ये झाला, दुसरा २०१५ मध्ये. पाणी कोणाला किती, यावर गाडे अडले आणि प्रत्यक्ष कामाचा करार झालाच नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्राने गुजरातचा नाद सोडून आपल्या वाट्याचे पाणी स्वखर्चाने गिरणा-गोदावरीकडे वळवायचे ठरवले. २०२२ च्या अर्थसंकल्पात केंद्राने हेच दोन नदीजोड पुन्हा जाहीर केले, लाभार्थी राज्यांची सहमती झाली तर मदत करू, या अटीवर. त्याच वर्षी गुजरातच्या डांग भागातल्या आदिवासींनी रस्त्यावर उतरून विरोध केला आणि गुजरातने पार-तापी-नर्मदेतून अंग काढून घेतले. ज्यांची गावे बुडणार होती, त्यांना करार करताना कोणी विचारले नव्हते. तेही या दिरंगाईचे एक कारण आहे.

संसदेत यावर प्रश्न येतात. उत्तरही येते: राज्यांची सहमती हवी. त्यावर सदस्य खाली बसतात. इथेच चुकते. मंत्री सभागृहात ‘विचाराधीन आहे’ म्हणाले, तर ते आश्वासन धरले जाते, तीन महिन्यांत पूर्ण करावे लागते आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. ‘राज्यांची सहमती हवी’ या वाक्यात केंद्र स्वतःच्या अंगावर काहीच घेत नाही. हे उत्तर जो मुकाट्याने ऐकून घेतो, त्याने प्रश्न वाया घालवला.

तारखेविना दिलेला शब्द किती महाग पडतो, हे आमच्या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. निळवंडे धरण १९७० मध्ये सुमारे आठ कोटींचे होते. २०२३ मध्ये डाव्या कालव्यात पाणी सुटले, तोवर खर्च ५,१७७ कोटींवर गेला होता. एकाच राज्याच्या, एकाच धरणाला त्रेपन्न वर्षे लागली. इथे तर दोन राज्ये आणि केंद्र आहे.

म्हणून नगर आणि शिर्डीच्या खासदारांनी तारांकित प्रश्न लावावा आणि पुरवणी प्रश्नांत तीनच गोष्टी विचाराव्यात. दोन्ही राज्यांची शेवटची बैठक कधी झाली? कोणते कलम कोणी अडवले? पुढची बैठक कोणत्या तारखेला? आमदारांनी विधानसभेत आणखी रोखठोक विचारावे, कारण २०१९ नंतर राज्याच्या स्वतःच्या योजनेसाठी बोट दाखवायला शेजारीही उरलेला नाही: पश्चिमेचे पाणी गोदावरीत कोणत्या वर्षी पडणार, आणि सुरगाणा-पेठच्या विस्थापितांचे पुनर्वसन त्याआधी होणार का?

उत्तरात तारीख नसेल, तर पुढच्या अधिवेशनात हाच प्रश्न पुन्हा लावा. तुम्ही नाही लावलात, तर मत मागायला याल तेव्हा आम्ही तो तुम्हाला विचारू.