हिवाळी वेळापत्रक

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं पहाटे एक तास मागे सरकतात. हा फुकटचा तास बहुतेक जण अंथरुणातच घालवतात. आमच्या मिलवॉकीच्या मराठी मंडळीत एकच गृहस्थ तो सत्कारणी लावण्यासाठी गजर लावून उठतात. अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी, कानावर पेन्सिल अशा थाटात ते बेसमेंटमध्ये उतरतात, स्टुलावर बसतात आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहितात : ‘हिवाळी कामे. १. सांधे बसवणे.’

गेली सतरा वर्षं यादीतलं पहिलं कलम हेच आहे.

आम्ही त्यांना मास्तर म्हणतो. शाळेतले नव्हे, स्टेशनातले. पोटापाण्यासाठी ते पंपांच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहेत, पण पंपांविषयी ते कधी बोलल्याचं मला आठवत नाही. बोलतात ते बोरघाटाविषयी. त्यांचं लहानपण कर्जत स्टेशनाला इतकं खेटून गेलं, की घाट चढवायला गाडीच्या मागे बँकर इंजिन लागलं, की घरातल्या फळीवरच्या डब्यांना ते आधी कळायचं. तो घाट बेसमेंटमध्ये उभा करायचा, रुळांसकट, बोगद्यांसकट, एवढंच त्यांचं मागणं. आणि त्या कामाला हिवाळ्यासारखा मोसम नाही, असं त्यांचं ठाम मत. ह्यातला ‘मोसम नाही’ एवढाच भाग आजवर खरा ठरला आहे.

गावही त्यांना नेमकं मिळालं. ‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक १९३४ साली निघालं ते मिलवॉकीतून. छोट्या रेल्वेवाल्यांची राष्ट्रीय संघटना १९३५ साली स्थापन झाली, तीही इथेच. मला विचाराल तर ह्यामागे इथली थंडी असावी. डिसेंबरात सव्वाचारच्या सुमाराला दिवस मावळतो. बाग गोठलेली, अंगणात गुडघाभर बर्फ, आणि प्रत्येक घराखाली एक उबदार, ऐसपैस, बिनकामाची खोली. कर्ता पुरुष तिथे उतरतो आणि रूळ टाकू लागतो. नोव्हेंबर तर इथे मॉडेल रेल्वेचा महिना म्हणूनच पाळतात. आपला चातुर्मास कार्तिकीला संपतो. मास्तरांचा तिथून सुरू होतो.

सुरुवात तशी निरागस होती. मुलगा सहा वर्षांचा असताना, इथल्या रिवाजाप्रमाणे, ख्रिसमसच्या झाडाभोवती फिरणारा गाडीचा संच आणला. गाडी अर्धा तास गोल फिरली. मुलाने विचारलं, “बाबा, ही जाते कुठे?”

मास्तर गप्प झाले. निघाली तिथेच परत येणारी गाडी म्हणजे जत्रेतला पाळणा, रेल्वे नव्हे. त्याच रात्री घाटाचा संकल्प सुटला. मुलगा आता सिॲटलला नोकरी करतो.

पहिला हिवाळा गणितात गेला. इथलं सर्वांत चालणारं प्रमाण ‘एचओ’, म्हणजे खऱ्याचा सत्त्याऐंशीवा भाग. कर्जत ते लोणावळा सुमारे २८ किलोमीटर. भागिले ८७, झाले सव्वातीनशे मीटर रूळ. बेसमेंट लांबीला नऊ मीटर. ह्यावर ‘वेटोळी घालू’ असा तोडगा निघाला. पण उंचीचं काय? गाडी घाटात अठराशे फुटांहून थोडी जास्तच चढते. भागिले ८७, म्हणजे एकवीस फूट. कर्जत बेसमेंटच्या फरशीवर ठेवलं, तर गाडी स्वयंपाकघर ओलांडून जाते आणि लोणावळा येतं ते थेट वरच्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये, खिडकीच्या उंचीला.

मास्तरांनी हा आराखडा वहिनींपुढे ठेवला तेव्हा मी तिथेच चहा पीत होतो. वहिनींनी चष्मा लावून तो नीट पाहिला. “अहो, माझ्या उशाशी चिक्कीवाले ओरडलेले मला चालायचे नाहीत,” एवढंच म्हणाल्या, आणि कागदाची चौघडी करून तो गरम कुकरखाली सरकवला.

दुसरा हिवाळा पावणेतीन मिलिमीटरांत गेला. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांतलं अंतर १६७६ मिलिमीटर, इकडचं १४३५. दुकानात मिळणारे एचओचे रूळ अर्थात इकडच्या मापाचे, १६.५ मिलिमीटरचे. आपलं ब्रॉडगेज त्याच प्रमाणात १९.२६ भरतं. तयार रूळ वापरले, तर डेक्कन क्वीन पावणेतीन मिलिमीटर अरुंद वाटेवरून धावणार! “कुणाला दिसतंय?” असं मी एकदा विचारून पाहिलं. सोवळ्यात असताना कुणी शिवल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रूळ हाताने घडवायचे की तयार घ्यायचे, हा खल नोव्हेंबरात सुरू झाला तो मार्चमध्ये तडजोडीवर मिटला : रूळ तयार घ्यायचे, पण मनातून मान्य करायचे नाहीत.

तिसरा हिवाळा इतिहासाने खाल्ला. ह्या छंदात साल ठरवावं लागतं. एकदा साल ठरलं, की त्यानंतर जन्मलेला डबा, सिग्नल किंवा मोटारगाडी त्या टेबलावर दिसता कामा नये. मास्तरांना घाटातलं जुनं रिव्हर्सिंग स्टेशन हवं. तिथे डोंगराच्या टोकावर गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लागायचं आणि आलेल्या दिशेकडे तोंड करून गाडी पुढचा चढ चढायची. १८६३ साली घाट खुला झाला तेव्हापासूनची ही तऱ्हा नवी वाट काढल्यावर १९२९ साली बंद झाली. आणि मास्तरांना डेक्कन क्वीनही हवी. ती सुरू झाली १ जून १९३० रोजी. नवरदेव एकोणतीस साली वारलेला, नवरी तीस साली जन्मलेली. लग्न लावायचं कसं? चार महिने मास्तर भटजीसारखे पंचांग चाळत बसले. शेवटी निर्णय झाला, की ह्या दोघांची गाठ पडता कामा नये. स्टेशन बांधायचं, पण क्वीनने तिथे पाऊल ठेवायचं नाही. इतिहासाशी खेळ नाही.

डोंगर मात्र त्यांना जमतो, हे कबूल केलं पाहिजे. इथले लोक पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी विणतात आणि तिच्यावर प्लास्टरचं ओलं कापड अंथरतात. मास्तरांनी ते एकदा पाहिलं आणि म्हणाले, “अरे, हा तर दिवाळीतला किल्ला!” दगडविटांवर चिखलात बुचकळलेलं पोतं टाकण्यात ज्याचं बालपण गेलं, त्याला हे काय शिकवायचं? दोन शनिवार-रविवारांत सह्याद्री उभा राहिला. मग जुन्या सवयीने त्यांनी त्यावर अळीव पेरला. फर्नेसच्या उबेने आठ दिवसांत घाट हिरवागार झाला. दहाव्या दिवशी गवत दोन इंच वाढलं, म्हणजे प्रमाणात साडेचौदा फूट. मंकी हिल दिसेनासं झालं. अकराव्या दिवशी वहिनी कात्री घेऊन खाली उतरल्या, आणि त्या रात्री आम्ही बोरघाटाची कोशिंबीर खाल्ली.

रुळांची तक्रार निराळीच. खऱ्या रेल्वेचे रूळ उन्हाने वाकतात, मास्तरांचे थंडीने. फर्नेस सुरू झाला की बेसमेंटची हवा कोरडी पडते, टेबलाचं लाकूड आखडतं, रूळ काही आखडत नाहीत. मग जागा अपुरी पडून ते बाजूला फुगतात. एका जानेवारीत सकाळी दिवा लावून पाहतात, तर कर्जत यार्डाची जिलबी झालेली. त्या हिवाळ्याच्या यादीत सहावं कलम वाढलं : ‘फटी ठेवणे.’ ते वाचून वहिनी म्हणाल्या, “कामांत ठेवता तेवढ्या पुरेत.”

ह्या साऱ्या संसारात एक गोष्ट मात्र पूर्ण झाली आहे. वेळापत्रक. छापलेलं, आडवं-उभं रेघलेलं, तळटिपांसकट. कोणती गाडी पळसदरीला किती वाजता, ठाकूरवाडीला किती वाजता, कुठे बँकर लागणार, कुठे सुटणार, मालगाडी कोणासाठी बाजूला उभी राहणार, सगळं मिनिटागणिक. पळसदरी अजून रंगाच्या डब्यात आहे आणि ठाकूरवाडी पुठ्ठ्यावर पेन्सिलीने आखली आहे, पण दोन्हीकडे गाडी वक्तशीर आहे. पुण्याला गेले, की मास्तर कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहून येतात. तिथल्या गाड्या सिग्नल पाळून खरोखर धावतात. परत आल्यावर दोन दिवस ते कुणाशी बोलत नाहीत. तिसऱ्या दिवशी वेळापत्रकाची सुधारित आवृत्ती निघते.

ह्यावरून मास्तर आळशी आहेत असं कुणी समजू नये. मंडळाच्या गणपतीचं मखर दर वर्षी तेच करतात, आणि ते आदल्या रात्री बारापर्यंत झळझळीत तयार असतं. गणपती येणार म्हटलं की येतो. डेक्कन क्वीनला तशी घाई नाही. मी एकदा त्यांना खोदून विचारलं, “मास्तर, मनावर घेतलं तर तीन महिन्यांत संपवाल.”

“संपवीन की,” ते म्हणाले. “आणि मग फेब्रुवारी कुठे काढू?”

मिलवॉकीचा फेब्रुवारी ज्याने काढला आहे, त्याला ह्यावर उत्तर सुचणार नाही. अशी माणसं थंडीच्या गावागावांत आहेत. बाहेर बर्फ साचतो तसा आत बेत साचतो, आणि वसंतात दोन्ही वितळतात. मास्तरांच्या बाबतीत तर शब्दशः, कारण मार्चमध्ये बेसमेंटमध्ये पाणी येतं आणि वह्या फळीवर चढवाव्या लागतात.

वहिनी अधूनमधून टोकतात. “अहो, खरा घाट इंग्रजांनी सात-आठ वर्षांत बांधला. खऱ्या डोंगरात.”

“त्यांच्याकडे एका वेळी चाळीस हजारांवर मजूर होते,” मास्तर शांतपणे सांगतात. “माझ्याकडे तू एकटी आहेस.”

गेल्या जानेवारीत मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम ठरला होता. आदल्या रात्री पारा उणे पंचविसाखाली उतरला आणि कार्यक्रम रद्द झाला. मी दोन घरं पलीकडेच राहतो, म्हणून तेवढाच तिळगूळ द्यायला बर्फ तुडवत गेलो. मुलगा दोन दिवसांसाठी आलेला, विमान रद्द झाल्याने अडकला होता. आम्ही तिघं बेसमेंटमध्ये बसलो. फर्नेस धापा टाकत होता. मुलगा टेबलाकडे पाहत म्हणाला, “बाबा, माझी ती गाडी अजून आहे?”

“आहे. पण सांधे बसायचे आहेत.”

“रूळ तर आहेत ना?”

रूळ होते. कर्जतपासून रिव्हर्सिंग स्टेशनापर्यंत, मोजून आठ फूट. मास्तरांनी खोक्यातून इंजिन काढलं. मागे ख्रिसमसचेच चार डबे, कधीतरी निळे-पांढरे रंगवलेले. त्यांनी ते फडक्याने पुसले, रुळांवर ठेवले, तर्जनीने चाकं चाचपली आणि कळ फिरवली.

डेक्कन क्वीन निघाली. चार फूट झकास गेली. मग चढ लागला. छोट्या गाडीला सदतिसात एक हा चढ फार होतो, पन्नासात एकच बरा, असं सगळे जाणकार सांगतात. पण खऱ्या घाटात तो सदतिसात एक आहे, म्हणून इथेही तसाच. इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरू लागली. मास्तरांच्या कपाळावर घाम. मुलगा काही बोलेना. मीही तिळगूळ चघळायचा थांबलो.

तेवढ्यात वहिनी फ्रीझरमधल्या गूळपोळ्या काढायला खाली आल्या. त्यांनी पाहिलं. काही न बोलता टेबलापाशी आल्या, शेवटच्या डब्याला मागून तर्जनी लावली आणि हलकेच रेटा दिला. बोटाला तिळाचा पाक होता, त्यामुळे पकडही चांगली बसली. गाडी कुरकुरत वर चढली आणि रिव्हर्सिंग स्टेशनावर उभी राहिली. फळीवरच्या लोणच्याच्या बरण्या फर्नेसने थरथरत होत्या. मास्तरांनी एकदा तिकडे पाहिलं.

कुणीतरी टाळ्या वाजवायला हव्या होत्या. मी मात्र खोडी काढली. “मास्तर, हे स्टेशन एकोणतिसात बंद झालं. ही तीस सालची गाडी. आपलं ठरलं होतं...”

मास्तरांनी कानावरची पेन्सिल काढली, भिंतीवरचं वेळापत्रक पाहिलं आणि म्हणाले, “एक वर्ष बिफोर टाइम आली. त्याचं कौतुक कराल, की तक्रारवही मागाल?”

“आणि आता इथून जाते कुठे?” मुलाने विचारलं.

“सांधे बसले, की लोणावळ्याला.”

“बेडरूममध्ये नाही,” वहिनी म्हणाल्या आणि गूळपोळ्या घेऊन वर गेल्या.

मार्चमध्ये घड्याळं एक तास पुढे गेली आणि उसना तास परत केला गेला. बेसमेंटमध्ये पाणी आलं. वह्या फळीवर चढल्या. यंदाच्या नोव्हेंबरात मी नवी वही उघडून पाहिली. पहिलं कलम तेच, सांधे बसवणे. त्याखाली मास्तरांच्या वळणदार अक्षरात नवी नोंद होती : ‘२. बँकर. कायम नेमणूक.’

आणि तिच्या शेजारी, वाणसामानाची यादी लिहिणाऱ्या घाईच्या अक्षरात : ‘आधी पगार ठरवा.’