धड ना इकडचे

आमच्या कॉलेजात सरांना नेमकं कुठे गाठायचं, हे शिपायालाही सांगता येत नाही. पगार लोकप्रशासनात, बैठक संगणकशास्त्रात आणि चहा समाजशास्त्राचा. विषय डिजिटल शासन. नुसतं 'कसं काय?' विचारा, सर थेट वारणानगरला पोचतात. "१९९८ साली ७० गावांत संगणक आले. शेतकरी त्यावर काय बघायचा? आपला ऊस किती टन भरला ते! पुढे संशोधकांनी तेच काम साध्या एसएमएसवर करून दाखवलं." एवढं होईतो चहावर साय धरते.

सध्याचा पेपर ई-पीक पाहणीवर. २०२१पासून शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो अ‍ॅपवर चढवायचा असतो. सर बांधावर जाऊन बसले. म्हातारा सोयाबीनकडे बघतोय आणि पुतण्या मोबाइल डोक्यावर धरून रेंज शोधतोय! यात तंत्रज्ञान आलं, महसूल आला, भाऊबंदकी आली. सरांनी सगळं लिहिलं, तिथेच घोटाळा झाला.

संगणकवाल्यांनी विचारलं, "यात अल्गोरिदम कुठाय?" सरांनी भाऊबंदकीचा फ्लोचार्ट काढून दिला. लोकप्रशासनवाले म्हणाले, "फ्लोचार्ट राहू द्या, मॅक्स वेबर कुठाय?" वेबरला तलाठ्याशेजारी बसवलं. समाजशास्त्राकडून निरोप आला की पुतण्याचा आवाज नीट ऐकू येत नाही. एक परीक्षक म्हणतो पसारा आवरा, दुसरा म्हणतो कायदाही घाला, संपादक लिहितात, "दोघांचेही समाधान करावे."

"या विषयाची वेगळी जर्नलं आहेत ना?" मी विचारलं.

"आहेत की! 'गव्हर्नमेंट इन्फर्मेशन क्वार्टर्ली' १९८४पासून निघतंय. पण रांग पार एस्टोनियापासून लागलेली!"

अखेर यूजीसीच्या केअर यादीतल्या एका नियतकालिकाने पेपर घेतला. सरांनी पेढे वाटले. फेब्रुवारी २०२५मध्ये यूजीसीने यादीच बंद केली. जर्नल चांगलं की वाईट, हे आता कॉलेजांनीच ठरवायचं. आमच्या कॉलेजने त्यासाठी लगोलग पोर्टल काढलं. त्यात 'विषय' या चौकटीत एकच पर्याय निवडता येतो. सरांनी तासभर विचार करून 'इतर' निवडलं. लाल अक्षरं उमटली : कृपया विषय निवडा.

सरांनी घरी फोन लावला आणि पुतण्याला बोलावून घेतलं.