मानलेली मुलं

बी.एड.मधल्या सूक्ष्म अध्यापनाचं कौतुक करावं तितकं थोडंच. 6 मिनिटं शिकवा, 6 मिनिटं प्रत्याभरण ऐका, 12 मिनिटांत पाठाची फेरआखणी करा, पुन्हा 6 मिनिटं शिकवा, पुन्हा 6 मिनिटं ऐका. 36 मिनिटांत कौशल्य हस्तगत; पोहे करायलाही कधीकधी जास्त वेळ लागतो.

यातली सर्वांत मोठी सोय म्हणजे वर्गात मुलं नसतात. बाकांवर बसतात ते आपलेच सहाध्यायी: पदवीधर, क्वचित दोन लेकरांची आईसुद्धा. ‘मुलांनो, पाऊस कसा पडतो?’ असं विचारलं की त्या मातोश्री आधी आज्ञाधारकपणे चुकतात, कारण टाचणात तसं अपेक्षित असतं. मग बरोबर उत्तर देतात. पाठ यशस्वी.

पुढे छात्रसेवाकालात खरा वर्ग समोर येतो आणि सगळा विचका होतो. सहावीतला एक पोरगा उठून विचारतो, ‘सर, आमचे खरे सर कधी येणार?’ हे टाचणात कुठेच नसतं.

2015 पासून हा अभ्यासक्रम एकाऐवजी दोन वर्षांचा झाला, फायलीही त्या मानाने बाळसं धरून आहेत. त्यानंतर टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल. इतकी दगदग कशाला? मुलं मानलेली चालतात, तर नोकरीही मानून घ्यावी. पगारसुद्धा.

ही सुधारणा मी एका विनाअनुदानित शाळेच्या संस्थाचालकांना सुचवली. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, ‘यात नवीन काय? आमच्याकडे बारा वर्षं हेच चालू आहे.’